'वरून' म्हणजे नेमकं कुठून?

महाराष्ट्र शासनाचा कुठलाही शासन निर्णय, म्हणजे आपण ज्याला जीआर म्हणतो तो, मोबाईलवर उघडा आणि थेट शेवटाला जा. विषय काहीही असो. शाळेतल्या मुलांचे गणवेश, एखाद्या खात्यातली पदभरती, कुठल्यातरी कार्यालयाच्या दुरुस्तीचा खर्च. शेवटी एक ओळ ठरलेली असते: 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने'. त्या ओळीखाली सही असते उपसचिवाची, अवर सचिवाची, नाहीतर कक्ष अधिकाऱ्याची. त्याखाली कोणाकोणाला प्रत द्यायची त्याची यादी आणि यादीच्या तळाशी 'निवडनस्ती' हा शब्द.

म्हणजे कागद एकाच्या नावाने निघतो, निर्णय दुसऱ्याने घेतलेला असतो आणि सही तिसऱ्याची असते. ज्यांच्या नावाने तो निघतो त्या राज्यपालांनी बहुतेक वेळा तो पाहिलेलाही नसतो. यात काही गैर नाही. राज्यघटनेच्या कलम १६६ नेच तसं सांगितलंय: राज्य सरकारची सगळी कार्यकारी कामं राज्यपालांच्या नावाने चालतील. केंद्रात हेच काम कलम ७७ नुसार राष्ट्रपतींच्या नावाने चालतं.

जीआर वाचणं हा काही माझा छंद नव्हता. मी मूळचा मराठवाड्यातला, नोकरीला पुण्यात, सॉफ्टवेअर इंजिनिअर. नागरिकशास्त्राशी माझा संबंध दहावीला संपला होता. तो परत आला २०२४ च्या फेब्रुवारीत. आण्णा, म्हणजे माझे वडील, पीककर्जासाठी बँकेत गेले आणि तिथे त्यांना सांगण्यात आलं की आधार कार्डावरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव जुळत नाही. जुन्या, हाताने लिहिलेल्या सातबाऱ्यावर नाव बरोबर होतं. ते संगणकावर चढवताना 'ब'चा 'प' झाला होता. इतकी वर्षं ते अक्षर कोणी बघितलं नव्हतं. त्या वर्षी बँकेत नवीन साहेब आले होते आणि ते अक्षर न् अक्षर बघणारे होते.

चार एकर जमीन. गावात त्या नावाचं दुसरं कोणी नाही. तरी कागदावर माझे वडील आणि त्या जमिनीचा मालक ही आता दोन वेगळी माणसं होती.

आमच्या कामात ही दुरुस्ती एका ओळीच्या क्वेरीची. टेबल, कॉलम, नवीन किंमत, एंटर. पण खरं सांगायचं तर माझ्या कंपनीतही प्रॉडक्शन डेटाबेसवर मला अशी क्वेरी परस्पर चालवता येत नाही. टिकेट काढावं लागतं, कोणीतरी मंजुरी द्यावी लागते, कोणी कधी काय बदललं याची नोंद राहते. जमिनीच्या बाबतीत तर हे हवंच. एका अक्षराने जमीन दुसऱ्याच्या नावावर जाऊ शकते. त्यामुळे प्रक्रिया आहे याबद्दल माझी तक्रार कधीच नव्हती. मला फक्त हे टिकेट कोणाकडे आहे ते कळायला हवं होतं.

आण्णांनी अर्ज दिला. पंधरा दिवसांनी फोन केला तर म्हणाले, 'भाऊसाहेब म्हणतेत, वरून आल्याबिगर होत नाही.'

'वरून म्हणजे कुठून, आण्णा?'

'आता ते मी कसं सांगू? वरून म्हणजे वरून.'

आमच्याकडे तलाठ्याला भाऊसाहेब म्हणतात. २०२४ मध्ये त्या पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालं, पण गावात भाऊसाहेब हे भाऊसाहेबच आहेत. आणि ते खोटं बोलत नव्हते. त्यांना ते अक्षर बदलायचा अधिकार खरोखरच नाही. त्यांच्या वरच्या मंडळ अधिकाऱ्याला, म्हणजे सर्कललाही नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ मध्ये लेखनातल्या चुका दुरुस्त करायचा अधिकार दिलाय तो 'जिल्हाधिकाऱ्याला'. पण जिल्ह्यातल्या प्रत्येक चुकलेल्या अक्षरासाठी जिल्हाधिकारी बसला तर त्याला दुसरं काही करताच येणार नाही. म्हणून प्रत्यक्षात हा आदेश तहसीलदार काढतो. कायद्यात नाव एकाचं, काम दुसऱ्याचं. जीआरच्या त्या शेवटच्या ओळीसारखंच, फक्त दोन-तीन मजले खाली.

म्हणजे आमच्या बाबतीत 'वर' ही जागा अगदी जवळ होती. तालुक्याच्या गावात, एसटी स्टँडपासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिच्याही वर कोणाला विचारायची गरज नव्हती.

तरी मी त्या दिवसांत रात्री बसून 'वर' चढत गेलो. सवयच तशी आहे. एरर आला की तो कुठून आला हे मुळापर्यंत बघायचं. तहसीलदाराच्या वर प्रांत, म्हणजे उपविभागीय अधिकारी. त्याच्या वर जिल्हाधिकारी, मग विभागीय आयुक्त. मग मंत्रालयातला महसूल विभाग, त्याचे सचिव. सचिवांच्या वर महसूलमंत्री, मग मंत्रिमंडळ आणि मुख्यमंत्री. सगळ्यात वर राज्यपाल. कलम १५४ म्हणतं की राज्याचा कार्यकारी अधिकार राज्यपालांच्या ठायी आहे. पोहोचलो, असं मला वाटलं.

पण पुढे कलम १६३ येतं. राज्यपालांना साहाय्य करायला आणि सल्ला द्यायला मंत्रिमंडळ असेल. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ च्या शमशेर सिंग खटल्यात स्पष्ट केलं की घटनेने स्वतःच सांगितलेले मोजके अपवाद सोडले तर राज्यपालांनी या सल्ल्यानुसारच वागायचं. म्हणजे तलाठी तहसीलदाराकडे बोट दाखवतो, सचिव मंत्र्यांकडे, मंत्री जे काही करतात ते राज्यपालांच्या नावाने, आणि राज्यपाल परत मंत्र्यांकडे बघतात. एक्सेलमध्ये एका खान्याचं सूत्र दुसऱ्या खान्याकडे आणि दुसऱ्याचं परत पहिल्याकडे गेलं की ते लगेच ओरडतं. इथे कोणी ओरडत नाही.

हे चक्र तुटायची सोय कलम १६४ मध्ये आहे: मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असेल. म्हणजे 'वर'ची वाट शेवटी खाली येते. आपल्या मतदारसंघातला आमदार, त्याच्याकडून आपण. नागरिकशास्त्रात हे वाक्य मी पाठ केलं होतं. तेव्हा त्याचा आण्णांच्या 'ब'शी काही संबंध असेल असं वाटलं नव्हतं.

घटनेत या कार्यकारी सत्तेची नेमकी व्याख्या कुठेच नाही. १९५५ मध्ये पंजाबमधल्या पाठ्यपुस्तकांच्या प्रकाशकांचा एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, राम जवाया कपूर खटला. सरकार स्वतः पुस्तकं छापायला लागलं, त्यासाठी वेगळा कायदा केलेला नव्हता, तर त्याला तो अधिकार आहे का, असा प्रश्न होता. न्यायालयाने अधिकार आहे असं म्हटलं. त्या निकालात कार्यकारी सत्तेचं वर्णन साधारण असं आहे: कायदे करणं आणि न्यायनिवाडा ही कामं बाजूला काढली की राज्यकारभारातलं जे उरतं ते.

हे 'उरलेलं' काय आहे बघा. रेशन कार्ड, पोलीस ठाणं, जिल्हा परिषदेची शाळा, सरकारी दवाखाना, लायसन्स, दुष्काळाचे पंचनामे, जातीचा दाखला, सातबारा. आपल्यापैकी बहुतेकांना आयुष्यात सरकार म्हणून जे भेटतं ते हेच. विधानसभेत आपण जात नाही, कोर्टात जायची वेळ येऊ नये असं आपल्याला वाटतं. तहसील कार्यालयात मात्र सगळ्यांना जावं लागतं.

यातही दोन थर आहेत. वरचा, निवडून आलेला थर बदलतो. खालचा कायम राहतो. २०२२ मध्ये ३० जून ते ९ ऑगस्ट असे चाळीस दिवस महाराष्ट्राचं मंत्रिमंडळ फक्त दोघांचं होतं, एकनाथ शिंदे आणि देवेंद्र फडणवीस. कलम १६४ प्रमाणे मुख्यमंत्री धरून किमान बारा मंत्री असायला हवेत. टीव्हीवर त्यावर रोज चर्चा चालायची. आमच्या तालुक्यात मात्र त्या चाळीस दिवसांत फेरफार होत होते, दाखले निघत होते, आणि जे अडकलं होतं ते अडकलेलंच होतं. कायम थर आपल्या गतीने चालू होता.

त्या गतीबद्दल मला राग होता. तो नीट समजून घ्यायचा तर त्या खुर्चीवरचा माणूसही बघायला हवा. तहसीलदार हा एकाच वेळी महसूल अधिकारी असतो, कार्यकारी दंडाधिकारी असतो, निवडणुकीच्या कामातला महत्त्वाचा माणूस असतो. पुरवठा त्याच्याकडे, निराधारांच्या योजना त्याच्याकडे, गारपीट झाली की पंचनामे त्याच्याकडे, मंत्री तालुक्यात आले की स्वागतालाही तोच. आणि २०२४ हे लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुकांचं वर्ष. १६ मार्चला आचारसंहिता लागली तेव्हा आमचा अर्ज महिनाभर जुना झाला होता. 'आता आचारसंहिता आहे, निकालानंतर या,' असं आण्णांना सांगितलं गेलं. आचारसंहितेचा आणि लेखनातली चूक दुरुस्त करण्याचा संबंध नाही. ती नव्या घोषणा, नव्या योजना यांच्यासाठी असते. पण हे आण्णांनी तिथे उभं राहून कोणाला सांगायचं?

४ जूनला निकाल लागले. त्याच आठवड्यात पाऊस आला. पेरणीला पैसे हवे होते. मी पाठवतो म्हणालो. आण्णांनी थोडे घेतले, बाकीचे घेतले नाहीत. मुलाच्या पगारावर पेरणी करायची नाही, हा त्यांचा जुना हट्ट. बियाणं, खत उधारीवर आलं ते आडत्याकडून. आणि आडत्याचे पैसे घेतले की माल त्याच्याच दुकानात घालायचा, हे कोणाला वेगळं सांगावं लागत नाही.

त्या दिवसांत मला एक वेळ सारखी आठवायची: पहाटेचे ५ वाजून ४७ मिनिटं. २३ नोव्हेंबर २०१९ रोजी महाराष्ट्रातली राष्ट्रपती राजवट त्या वेळी उठवली गेली आणि आठच्या सुमारास राजभवनात शपथविधी झाला. राजवट उठवायची तर एरवी केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठक लागते. पण केंद्राच्या कामकाज नियमांमध्ये बारावा नियम असा आहे की गरज वाटल्यास पंतप्रधान नेहमीची पद्धत बाजूला ठेवायला परवानगी देऊ शकतात आणि मंत्रिमंडळाची मान्यता नंतर घेता येते. तो नियम वापरला गेला. दिल्ली ते मुंबई, एका रात्रीत. तीन दिवसांनी, २६ तारखेला, सर्वोच्च न्यायालयाने बहुमत चाचणीचा आदेश दिला आणि त्याच दिवशी मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला.

तुम्ही कोणत्या पक्षाचे आहात याच्याशी या उदाहरणाचा संबंध नाही. उलट दिशेचं उदाहरणही त्याच राजभवनातलं आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये तेव्हाच्या मंत्रिमंडळाने विधान परिषदेवर नेमायच्या बारा जणांची यादी राज्यपालांकडे पाठवली. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं की वाजवी वेळेत काहीतरी निर्णय घेणं हे राज्यपालांचं कर्तव्य आहे. जून २०२२ मध्ये ते सरकार पडलं तोपर्यंत यादीवर निर्णय झालेला नव्हता. दीड वर्षाहून जास्त. 'हो' नाही, 'नाही' नाही.

आणि त्याच जूनमध्ये, सरकार पडायच्या बेतात असताना, धडाधड जीआर निघायला लागले. राज्यपालांनी मुख्य सचिवांकडे २२ ते २४ जून या दिवसांत निघालेल्या शासन निर्णयांची माहिती मागवली. प्रत्येकाखाली 'राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' लिहिलेलं असणार, आणि राज्यपाल विचारत होते की हे काय काय निघालंय.

या सगळ्यातून मला एक गोष्ट कळली. सरकारी यंत्रणा मुळातच सावकाश असते असं आपण धरून चालतो. तशी ती नाही. ती एका रात्रीतही चालते आणि दीड वर्ष एका जागी बसूनही राहते. कायदा तोच, दालन तेच. वेग किती ठेवायचा हे कोणीतरी ठरवत असतं. ते ठरवणं कुठल्याच कागदावर उमटत नाही, कारण न करण्याचा जीआर निघत नाही. त्याखाली कोणाची सही नसते, सांकेतांक नसतो. राज्यपालांसमोरची यादी असो की तहसील कार्यालयातला अर्ज, न घेतलेल्या निर्णयाला मालक नसतो. आणि 'वरून' हा शब्द नेमका तिथे कामाला येतो.

आमच्याकडे कंपनीत टिकेट कोणाच्या नावावर किती तास पडलंय हे स्क्रीनवर दिसतं. ठरलेली वेळ उलटली की ते लाल होतं. सरकारात असं काही नसणार, अशी माझी समजूत होती. पण महाराष्ट्रात ते वीस वर्षांपासून कायद्यात आहे. २००५ चा एक अधिनियम आहे, बदल्यांचं विनियमन आणि शासकीय कामातल्या विलंबाला प्रतिबंध करणारा. अण्णा हजारे यांच्या आंदोलनांतल्या मागण्यांपैकी ही एक होती. त्याचं कलम १० सांगतं की सर्वसाधारणपणे कोणतीही फाइल कोणत्याही कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहणार नाही. दुसऱ्या विभागाकडे पाठवायची गरज नसेल तर पंचेचाळीस दिवसांत निर्णय, असेल तर तीन महिन्यांत. त्याच वर्षीच्या माहिती अधिकार कायद्यामुळे फाइलवरच्या टिपण्याही मागता येतात. म्हणजे मुदतही आहे आणि नोंदीही आहेत. लाल दिवा मात्र आपला आपण लावायचा असतो.

जुलैमध्ये मी एक पान लिहिलं आणि आण्णांच्या सहीने माहिती अधिकाराखाली दिलं. 'माझं काम का झालं नाही' असं त्यात कुठेही नव्हतं, कारण 'का'ला काहीही उत्तर देता येतं. मी तीनच गोष्टी मागितल्या. अमुक आवक क्रमांकाचा अर्ज कोणत्या तारखेला कोणत्या पदावरच्या कर्मचाऱ्याकडे आला आणि कधी पुढे गेला. त्यावर लिहिलेल्या टिपण्यांच्या प्रती. आणि कलम १५५ खालचा आदेश काढायचा अधिकार या कार्यालयात कोणत्या पदाला आहे.

उत्तर तिसाव्या दिवसाच्या आत आलं. अर्ज एका टेबलावर एकसष्ट दिवस होता. त्या एकसष्ट दिवसांत टिपणी एकही नाही. त्याआधी चार दिवस, दुसऱ्या टेबलावर, 'जुना सातबारा पाहता मागणी योग्य दिसते' अशी एका ओळीची नोंद होती. म्हणजे काम कोणाला चुकीचं वाटत नव्हतं. कोणी नाही म्हटलं नव्हतं. पैसेही कोणी मागितले नव्हते. फक्त कोणी हो म्हटलं नव्हतं. माहितीच्या पाठोपाठ, ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात, आदेशही आला. दीड पान. नाव दुरुस्त झालं. महाभूमीवर पंधरा रुपये भरून मी डिजिटल सहीचा सातबारा डाउनलोड केला आणि आण्णांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. त्यांनी नातवंडांच्या फोटोंनाही पाठवत नाहीत असा अंगठा पाठवला.

कर्जाचा हंगाम गेला होता. ऑक्टोबरमध्ये सोयाबीन निघालं. त्या वर्षी हमीभाव होता क्विंटलला ४८९२ रुपये. सरकारी खरेदी केंद्राची वाट बघायची मुभा आण्णांना नव्हती. माल आडत्याकडे गेला, बऱ्याच खालच्या भावात. एका टेबलावरच्या एकसष्ट दिवसांची किंमत मी नंतर कागदावर काढली होती. आकडा इथे देत नाही. पुण्यात माझ्या बरोबरीची मुलं तेवढे पैसे दोन-तीन वीकेंडला उडवतात. आण्णांच्या घरात तो पुढच्या हंगामाच्या खताचा पैसा होता.

ज्या माणसाच्या टेबलावर ते एकसष्ट दिवस गेले त्याच्याबद्दल मला आता राग नाही. त्याला मी बघितलेलंही नाही. त्याच्यावर निवडणुकीचं काम होतं, हे खरंच असेल. माझा प्रश्न वेगळा आहे. हे काम करून घ्यायला एका घरात एक इंजिनिअर मुलगा, इंटरनेट, कायद्याचं कलम वाचायची चिकाटी आणि सुट्टीचे चार दिवस लागले. ज्यांच्या घरात असं कोणी नाही त्यांच्यासाठी 'वरून' हा शब्द अजून तेवढाच उंच आहे. कलम १० त्यांच्यासाठीही आहे. पण कायद्यात मुदत लिहिणं आणि ती मुदत अर्ज देतानाच समोरच्याच्या हातात ठेवणं यात फरक आहे. हा अर्ज कोणत्या पदाकडे आहे आणि कधीपर्यंत निकाली निघायला हवा, एवढं पोचपावतीवर छापायला काही नवा कायदा लागत नाही.

मी दिवाळीला गावी गेलो तेव्हा ओसरीवर शेजारचे एक काका बसले होते. त्यांची वारसनोंद अडली होती. मी चहा घेऊन बाहेर आलो तेव्हा ते आण्णांना सांगत होते की, भाऊसाहेब म्हणतेत, वरून व्हायला पाहिजे.

आण्णांनी बशी खाली ठेवली आणि विचारलं, 'वरून म्हंजे कोण? पद काय त्याचं? आन् आवक नंबर घेतला का तुम्ही?'